स्वयंपाकघरातली सपाट रेघ

६ जानेवारी, सोमवार

शाळेत आज दोन खोकी आली. मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. खोक्यांत पंचवीस छोटी सर्किटं, तेवढेच सेन्सर, वायरींची भेंडोळी आणि चार सोल्डरिंग आयर्न. मुलांनी यापुढे हाताने काहीतरी बनवून शिकायचं, असं वरून ठरलं आहे. संगणकाचे सर गेल्या सत्रात सोडून गेले, म्हणून हे विज्ञानाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. निवृत्तीला चार वर्षं राहिलेला माणूस आयता सापडतो.

मी लगेच हो म्हटलं. बाईंनाही जरा आश्चर्य वाटलं असावं. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांत मला शाळेत कुणी नवीन काही विचारलं नव्हतं. या कामाची नोंद राहावी म्हणून ही वही काढली आहे.

९ जानेवारी, गुरुवार

वर्गात फजिती नको म्हणून एक आयर्न घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तासभर खटपट केली. तार वितळून गोळा व्हायची आणि घरंगळून जायची. बोटाला चटका बसला. हिने भाजी निवडता निवडता थोडा वेळ पाहिलं, मग हात पुसून माझ्या हातातून आयर्न काढून घेतलं.

"आधी जागा तापवायची, मग तार लावायची. तुम्ही नुसती तारच तापवताय."

आणि तिने ओळीने सहा जोड दिले, मोत्यासारखे. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे हे मला माहीत होतं. ती त्यांच्या शेजारी बसून हे शिकली होती हे माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस, असं मी म्हटलं. विषय निघाला नाही, म्हणाली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठवीची बावीस मुलं आणि चार आयर्न. प्रयोगशाळेत धूर, वास, कुरबुरी. दोघांनी एकमेकांच्या बाह्या भाजल्या. आम्ही ज्याला प्रश्नोबा म्हणतो त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, हे परीक्षेत येणार का. नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

पण एक मुलगी सापडली. खिडकीजवळच्या बाकावर बसते, दोन वर्षांत मी तिचा आवाज नीट ऐकलेला नाही. तिने एकदा पाहिलं आणि पहिलाच जोड असा दिला की मी तो सगळ्यांना फिरवून दाखवला. गरम वस्तूजवळ तिचा हात अजिबात बिचकत नाही, एखाद्या पोक्त बाईसारखा. वर्गाने तिथल्या तिथे तिचं नाव कारागीर ठेवलं. मीही आता तेच म्हणतो.

तिच्या मनगटावर भाजल्याच्या दोन-तीन खुणा दिसल्या. सावधपणा नसेल तर कौशल्य काय कामाचं, असं मी तिला सर्वांसमोर सुनावलं. तिने बाही खाली ओढली.

२० जानेवारी, सोमवार

प्रकल्प ठरला, आणि माझ्या मते फार चांगला ठरला. प्रत्येकाने साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत आपलं सर्किट बसवलं आहे. समोरून माणूस गेला की सेन्सरला कळतं, हिरवा दिवा लुकलुकतो आणि एक आकडा वाढतो. दर तासाचा आकडा आत साठून राहतो. ही डबी आठवडाभर स्वयंपाकघरात ठेवायची आणि मग आलेख काढायचा. घर केव्हा जागं होतं, केव्हा विसावतं, सगळं कागदावर दिसेल. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आकडे खोटं बोलत नाहीत.

तास संपल्यावर कारागीर मागे थांबली. स्वयंपाकघरच हवं का, दुसरी खोली चालेल का, असं विचारत होती. सगळ्यांची एकच खोली नसेल तर तुलना कशी करणार, असं मी समजावलं. दिवसभर घरी कोण असतं, विचारलं. आई असते, म्हणाली. मग झालं तर, मी म्हटलं.

२७ जानेवारी, सोमवार

डब्या परत आल्या. वर्ग नुसता उसळत होता. कुणाच्या घरी सकाळी सातला बाजार भरतो, कुणाकडे दुपारी तीनला चोरपावलांनी कुणीतरी बिस्किटांच्या डब्याकडे जातं. डोंगर-दऱ्यांचे आलेख पाहून मुलं पोट धरून हसली. माझ्या नोकरीतला हा एक उत्तम तास.

एकच गालबोट, तेही कारागिराचं. तिच्या आलेखात सकाळी सहा ते सात एक सुळका, संध्याकाळी पाच ते आठ दुसरा. मध्ये सगळं सपाट. शून्य, शून्य, शून्य, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी तेवढे थोडे आकडे आहेत. जोड सगळ्यांत सुबक आणि नेमकं तिचंच यंत्र बिघडलेलं. मी तिला दुसरा सेन्सर दिला आणि पुन्हा आठवडाभर ठेवायला सांगितलं. डबी दप्तरात इतकी जपून ठेवत होती, जशी काही फुटेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तीच सपाट रेघ. सेन्सर मी स्वतः तपासून दिला होता, म्हणजे दोष यंत्राचा नाही. आई घरी असते म्हणते आणि स्वयंपाकघरात दिवसभर माणूस फिरकत नाही, हे कसं शक्य आहे? तिने डबी कपाटात नाहीतर भांड्याआड टाकून दिली असणार. हुशार मुलांना आळसाचा रोग लवकर लागतो.

मी तिला उभं केलं आणि सरळ विचारलं, "डबी कपाटात ठेवली होतीस ना?"

ती बराच वेळ बाकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो सर."

कबूल तरी केलं. मी फार ताणलं नाही. खरेपणाशिवाय विज्ञान नाही, एवढंच दोन-चार मिनिटं बोललो आणि खाली बसवलं. तिच्या दोन्ही आलेखांवर लाल शाईने "अग्राह्य" असं लिहिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल जेवताना हिला हे सांगितलं तर ती आलेख बघायला मागू लागली. कागद माझ्या पिशवीतच होते. तिने दिव्याखाली धरून पाहिले.

"डबी कपाटात होती, तर सकाळी सहाला कोण मोजलं गेलं?"

मी म्हटलं, काढली असेल, ठेवली असेल. रोज? ती म्हणाली. तेही दोन आठवडे, न चुकता? मी म्हटलं, अगं, मुलांच्या लबाडीला शेंडा-बुडखा नसतो. कागद दुमडून तिने परत दिले. म्हणाली, एकदा तिच्या घरी जाऊन या. बावीस मुलांच्या घरी जायला मी काय पोस्टमन आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस तारखेला शनिवारी सर्व शाळांचं प्रदर्शन, आणि ते आमच्याच सभागृहात. मोठ्या बाईंना आपल्या शाळेचे तीन प्रकल्प हवेत, आणि त्यातला निदान एक तरी वर यायला हवा. डबी दाखवायची तर कारागिराचीच दाखवावी लागणार. बाकीच्यांचं काम पाहून परीक्षक तोंड फिरवतील.

मी तिला बोलावलं. मन मोठं करून आणखी एक संधी देतोय, म्हटलं. दहा तारखेपासून पुन्हा आठवडाभर डबी ठेव, पण या वेळी मला खरा आलेख पाहिजे, घर दिसलं पाहिजे. तिने विचारलं, "म्हणजे बाकीच्यांसारखा, सर?"

अगदी तसाच, मी म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परवापासून कारागीर गैरहजर. तापाची चिठ्ठी शेजारच्या वर्गातल्या मुलीबरोबर आली. खाली आईची सही. लेकीचं अक्षर आईवर गेलं आहे, दोघींचा "त" एकसारखा. प्रदर्शनाच्या तोंडावर ताप म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आली, आणि काय आलेख घेऊन आली! सोमवार-मंगळवारी सेल नीट बसला नव्हता, म्हणून बुधवार ते रविवार असे पाचच दिवस. पण पाच पुरेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला चौदा, पंधरा, चौदा, तेरा, चौदा. एकही तास रिकामा नाही. बाकीच्यांच्या घरांत नुसता गोंधळ आणि इथे कशी लय आहे. किती शिस्तीची बाई असेल हिची आई. मी तसं तिला म्हणालोही.

चेहरा अजून उतरलेला आहे, डोळ्यांखाली काळं झालं आहे. ताप अंगात असावा. फार दगदग करू नकोस, म्हटलं.

घरी आल्यावर हिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघ, ओरडल्याचा उपयोग होतो. ती कोणकोणत्या दिवशी गैरहजर होती, एवढंच हिने विचारलं. मी सांगितलं. मग ही उठून स्वयंपाकघरात गेली. हजेरीची वही टेबलावरच राहिली आहे, सकाळी आठवणीने न्यायला हवी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिन्ही प्रकल्पांच्या मुलांना काल आणि आज सातपर्यंत थांबवलं. तक्ते चिकटवणं, बोलण्याचा सराव. उद्याही थांबावं लागेल. कारागीर दोन्ही दिवस पाच वाजले की चुळबुळ करायला लागते. आज तर येऊन म्हणाली की घरी काम आहे, जाऊ का. मी म्हटलं, तीन दिवस उशिरा गेलीस तर घर काही उपाशी मरत नाही. ती जागेवर जाऊन बसली आणि कात्रीने तक्त्याच्या कडा सरळ करू लागली. एकही कड वाकडी गेली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहिला क्रमांक.

लिहूनच बघायचं होतं. चौदा शाळांतून. आलेख आम्ही दारासमोरच मोठा करून लावला होता. परीक्षकबाई कारागिरापुढे खूप वेळ थांबल्या, डबी उघडून जोड पाहिले. मग विचारलं, या आलेखावरून तुला घराबद्दल काय कळतं? मी मनातल्या मनात तयार केलेलं उत्तर म्हणत होतो, पण ती वेगळंच बोलली.

"या घरात दिवसभर कोणीतरी चालतंफिरतं असतं," म्हणाली.

साधं, स्वच्छ उत्तर. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बक्षिसाच्या वेळी मोठ्या बाईंनी मलाही व्यासपीठावर बोलावलं. समोर दुसऱ्या रांगेत हिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. सकाळी येते म्हणाली होती. संसाराच्या चोवीस वर्षांत एकदा मला हार घातला गेला, आणि तेवढ्यात हिला काय काम निघालं असेल?

सहाला घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी. चिठ्ठी नाही, काही नाही. कार्यक्रमासाठी बंद केलेला फोन आता चालू केला आहे. हार टेबलावर ठेवला आहे. आल्यावर मी एक शब्दही बोलणार नाही.

फोन वाजतो आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे सगळं हिने सांगितल्यावरून लिहितो आहे. मी तिथे नव्हतो.

ही काल अकराच्या सुमाराला कारागिराच्या घरी गेली. पत्ता हजेरीच्या वहीतून उतरून घेतला होता. लाँड्रीच्या मागची इमारत, दुसरा मजला. दार वाजवलं, उत्तर नाही. ढकललं तर उघडंच होतं. मुलगी कुलूप लावत नाही, आणि आतून उठून दार उघडणारं कुणी नाही. आत स्वयंपाकघर लख्ख, भांडी पालथी घातलेली, ओटा कोरडा. फळीखालचा डबी टांगायचा खिळा रिकामा होता, डबी आमच्याकडे प्रदर्शनात होती.

आतल्या खोलीत आई पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. उशाशी दोन ताटं झाकलेली, एक सकाळचं, एक आदल्या रात्रीचं, दोन्ही न शिवलेली. पाण्याचा तांब्या भरलेला. ओठ फुटले होते. हिने हाक मारली, हलवलं. डोळे उघडे होते, पण बाई बोलेना. हिने शेजाऱ्यांना बोलावलं, रुग्णवाहिका बोलावली, मला अकरा वेळा फोन लावला.

चार महिने झाले, ती बाई अशीच आहे. कशाने झालं ते कुणालाच सांगता येत नाही. हळूहळू उठेनाशी झाली. वडील दूर बंदरावर कामाला, वर्षातून एकदा येतात, रविवारी फोन करतात. आई आंघोळीला गेली आहे, बाजारात गेली आहे, असं मुलगी सांगते. मुलगी सहाला उठून स्वयंपाक करते, आईला स्वतःच्या हाताने चार घास भरवते, शाळेत येते, पाचला परत जाऊन पुन्हा भरवते. भरवलं नाही तर ती बाई खात नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी मुलीला सातपर्यंत थांबवलं. घरी पोचेपर्यंत आईने तोंड मिटून घेतलेलं असायचं.

आणि त्याआधीच्या आठवड्यात ताप नव्हता. ते तीन दिवस ती घरी राहिली आणि रविवारपर्यंत डबीसमोरून येरझाऱ्या घालत होती. घड्याळ लावून.

मी म्हटलं, मला कुणी काही सांगितलं असतं तर! ही माझ्याकडे बघत राहिली.

"दोनदा कागदावर लिहून दिलं होतं तिने तुम्हाला," म्हणाली.

नंतर तिने हार उचलला, कुठे ठेवायचा असं विचारलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात गेलो. ही रोज जाते, आज मला घेऊन गेली. बाई माझ्या कल्पनेपेक्षा खूप तरुण आहे, पस्तिशीचीसुद्धा नसेल. हाताला सलाइन. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, शरीर सावरेल, मनाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही. वेळ लागेल. किती, ते नाही सांगितलं.

तिने मला ओळखलं. "तुम्ही डबीवाले सर ना?"

आवाज इतका बारीक की वाकावं लागलं. मध्ये मध्ये थांबत बोलत होती. म्हणाली, "पोरगी रोज म्हणायची, आई, काही करू नकोस, नुसती एकदा उठून सरांच्या डबीसमोरून जा. मी म्हणायचे, उद्या."

तुमच्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं, एवढंच कसंबसं म्हणालो. तिला ते ठाऊक होतं. "मला येऊन म्हणाली, आई, तुझा आलेख पहिला आला." मग तिने डोळे मिटले. "मी तर उठलेच नव्हते."

बाहेर बाकावर मुलगी बसली होती, मांडीवर गृहपाठाची वही. मी आलो तशी उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी. बस, बस, म्हटलं. आणखीही काही म्हणायचं होतं. तेवढ्यात परिचारिका आली.

५ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना खरं सांगितलं. तो आलेख बनावट आहे, आणि ज्यांवर मी लाल शाई मारली ते दोन खरे होते. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, सर, झालं ते झालं. ढाल कपाटात ठेवली आहे, फोटो छापून आला आहे, आता उकरून मुलीचीच शोभा करायची का? मला त्यांचं म्हणणं पटलं. चटकन पटलं, तेच जरा टोचतं आहे.

पण वर्गाला सांगायचं ते सांगितलं. घरातलं काही बोललो नाही. डबी कपाटात नव्हती, यंत्र चांगलं होतं, तिने नोंद प्रामाणिक ठेवली होती, चूक माझी झाली. तिच्याकडून मी सर्वांसमोर खोटं वदवून घेतलं. अठ्ठावीस वर्षांत वर्गापुढे असं बोललो नव्हतो. खडू मोडून हातातच राहिला.

प्रश्नोबाने हात वर केला. मी मनात म्हटलं, आता परीक्षेचं विचारणार.

"मग सर, शून्य आलं तेव्हा तुम्ही तिला का नाही विचारलं, का आलं म्हणून?"

विचारायला हवं होतं, मी म्हटलं. तो खाली बसला. उरलेला तास आम्ही पुस्तकातलं उष्णतेचं प्रकरण वाचलं.

१० मार्च, सोमवार

कारागिराची मावशी गेल्या आठवड्यातच दुसऱ्या गावाहून आली आहे. मुलीला बरोबर नेणार, तिथल्या शाळेत घालणार. आईला दवाखान्यातून तिकडच्याच दवाखान्यात हलवायचं आहे. दाखल्याची कामं करून घ्यायला मी स्वतः कार्यालयात बसलो. कारकून म्हणाला, वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" लिहा, सगळ्यांचं तेच लिहितो. मी तेच लिहिलं. त्या रकान्यात दुसरं काही मावलंही नसतं.

मावशी सह्या करत होती तेवढ्यात मी मुलीला व्हरांड्यात घेऊन गेलो आणि तिची क्षमा मागितली. रात्रीपासून जुळवलेली वाक्यं होती, निम्मी विसरलो. ती खाली बघून ऐकत होती. मनगटावरच्या खुणा आता फिकट झाल्या आहेत, मावशी तिला चुलीजवळ जाऊ देत नसावी.

माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "सर, आई बरी झाली की आम्ही परत येणार आहोत. तेव्हा मला याच वर्गात घ्याल?"

घेईन, मी म्हटलं.

येत्या सत्रात हा वर्ग नववीत जाईल, खोली बदलेल, खिडकीजवळच्या बाकावर दुसरं कुणी बसेल. तिला हे कळत नसेल असं नाही, सगळ्या वर्गात हिशेब तिचाच पक्का. तरी तिने मान हलवली, मावशीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि जिन्याने खाली गेली.